भाडेपावतीवर नाव कुणाचं?

आज आपण घरभाड्याचा इतिहास बघणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमचं घर गावात आहे, छप्पर स्वतःचं आहे, मग भाड्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे आणि तो फार जुना आहे. गटाच्या कुठल्याही बैठकीत बसा. कुणाचा मुलगा पिंपरीला कंपनीत असतो, कुणाची लेक ठाण्याला दवाखान्यात नर्स असते, कुणाची सून नवऱ्याबरोबर नुकतीच पुण्याला गेलेली असते. मग विषय निघतो, "वन बीएचके मिळालंय, पण डिपॉझिट भरायचंय." वन बीएचके म्हणजे एक झोपायची खोली, एक बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर. घर शहरात, पण डिपॉझिट पुष्कळदा गावातून जातं. कधी गटाच्या कर्जातून, कधी सोयाबीनच्या पट्टीतून, कधी आईच्या पाटल्या गहाण टाकून.

पैसा आपला जातो, पण कागद कसला होतो हे आपण विचारत नाही. तो बहुतेक अकरा महिन्यांचाच का असतो? आपल्या आजोबांच्या पिढीतली माणसं मुंबईच्या एका खोलीत पन्नास पन्नास वर्षं राहिली. त्यांना कुणी हलवू शकलं नाही. आजच्या लेकीला मात्र वर्ष भरायच्या आत सामान बांधायची तयारी ठेवावी लागते, असं का? आणि त्या खोलीच्या कागदावर बाईचं नाव का नव्हतं? ही उत्तरं शोधायला आपल्याला मुंबईच्या गिरणगावात जावं लागेल. लालबाग, परळ, भायखळा, चिंचपोकळी, वरळी हा तो भाग. आज तिथे चाळीस चाळीस मजल्यांचे टॉवर दिसतात. पण महाराष्ट्रातल्या खेड्यांची आणि भाड्याच्या खोलीची खरी ओळख तिथेच झाली.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. दोन वर्षांत गिरणी सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांच्या चिमण्यांची रांग लागली. कामाला माणसं लागत होती. ती आली रत्नागिरीतून, साताऱ्यातून, कोल्हापूर, पुणे, नगरकडून. रत्नागिरी जिल्ह्यातून तर सगळ्यांत जास्त. गिरणीमालकांनी यंत्रं आणली, पण कामगारांच्या डोक्यावर छप्पर घालणं हे बहुतेकांनी आपलं काम मानलं नाही. मग गिरण्यांच्या आसपास खासगी मालकांनी चाळी बांधल्या. लाकडी जिना, समोरून लांब गॅलरी, गॅलरीला लागून एका ओळीत खोल्या. खोलीत एका कोपऱ्यात मोरी आणि चूल. नळ आणि संडास सगळ्या मजल्याला मिळून.

ही खोली एका कुटुंबासाठी असेल असं आपल्याला वाटतं. पण अनेक खोल्यांत कुटुंब नव्हतंच. एका गावचे दहा-पंधरा गडी मिळून एक खोली घ्यायचे. दिवसपाळीचे कामाला गेले की रातपाळीचे त्याच जागेवर झोपायचे. भिंतीला प्रत्येकाची ट्रंक, दोरीवर कपडे, आणि वर एखादा फोटो. भाडं सगळे वाटून द्यायचे. गावकऱ्यांची खोली म्हणून ती ओळखली जायची. नवा पोरगा गावातून आला की थेट त्या खोलीवर जायचा. या खोल्यांमुळेच गरीब घरचा मुलगा मुंबईत पाय ठेवू शकला.

मग बाया कुठे होत्या? १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशेसुद्धा बाया नव्हत्या. कारण बाया गावात होत्या. शेत, गुरं, सासू-सासरे, लहान मुलं हे सगळं त्यांच्यावर होतं. गिरणीचा पगार एवढा नव्हता की अख्खं कुटुंब शहरात पोसावं. चाकरमान्याची मनीऑर्डर गावात यायची हे सगळे सांगतात. पण गावातून तांदूळ, कुळीथ, नाचणी मुंबईला जायची, आजारी माणूस गावाला परत यायचा, संप झाला की सगळं कुटुंब गावच्या शेतावर जगायचं, हे कमी सांगितलं जातं. मुंबईची ती खोली चालायची ती अर्धी गावातल्या बाईच्या जिवावर. फक्त तिचा हिशेब कुठल्या पावतीवर लिहिला गेला नाही.

ज्या बाया मुंबईला गेल्या त्यांनी काय केलं तेही बघा. १९२० च्या सुमाराला गिरणी कामगारांत साधारण पाचात एक बाई होती. वाइंडिंग आणि रीळिंगच्या खात्यांत त्या काम करायच्या. पुढे हे प्रमाण घटत गेलं. ज्यांचं गिरणीतलं काम गेलं, ज्या विधवा झाल्या किंवा ज्यांच्या नवऱ्याचा पगार पुरत नव्हता, अशा कितीतरी जणींनी खानावळ घातली. पाच, दहा, पंधरा कामगारांचं दोन वेळचं जेवण राहत्या खोलीतच रांधायचं. जेवण महिनाभर उधार, पैसे पगाराच्या दिवशी. तोवर वाणी आणि सावकार यांच्याकडे उधारी. मंगळसूत्र गहाण पडणं नवं नव्हतं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत आणलं. आपल्याकडे बचत गटांना बँकेशी जोडण्याची नाबार्डची योजना आली १९९२ साली. म्हणजे आपल्या सतरा वर्षं आधी गिरणगावातल्या बाया बँकेच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्याकडे तारण ठेवायला काही नव्हतं. दहा बाय बाराची खोली आणि त्यातली चूल हाच त्यांचा धंदा होता. खोली गेली की धंदा गेला. एवढं त्या खोलीचं मोल होतं, आणि तरी भाडेपावती बहुतेक वेळा नवऱ्याच्या, दिराच्या नाहीतर सासऱ्याच्या नावाची.

आता ती खोली हातात टिकली कशी, ते बघू.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत तो झपाट्याने पसरला, आणि लाखो माणसं शहर सोडून गावाकडे पळाली. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सरकारने शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने रस्ते रुंद केले, कोंदट वस्त्या पाडल्या, काही चाळी बांधल्या. पण जेवढी माणसं बेघर झाली तेवढ्यांना खोल्या लवकर मिळाल्या नाहीत. मागणी वाढली की भाव चढतो, तसं भाडं चढत गेलं. त्यात पहिलं महायुद्ध आलं. सगळंच महाग झालं आणि मालक भाडं वाढवू लागले. तेव्हा १९१८ साली मुंबई सरकारला भाड्यावर बंधन घालणारा पहिला कायदा करावा लागला.

१९२० मध्ये सरकारने स्वतःच चाळी बांधायला काढल्या. त्याच बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, आणि एक खोली १६० चौरस फुटांची. आपल्या गावातली पडवी डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढी जागा. सुरुवातीला या चाळींतल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या पडल्या, कारण भाडं परवडत नव्हतं आणि काही चाळी गिरण्यांपासून लांब होत्या. गरिबाला घर देताना भाडं आणि कामाची जागा या दोन गोष्टी विसरल्या की काय होतं, ते शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुन्हा तेच झालं. शहरात गर्दी वाढली, फाळणीनंतर निर्वासित आले. या काळात जो कायदा झाला त्याने गिरणगावाचं नशीब बदललं. तो म्हणजे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. एक, १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते प्रमाण मानून भाडं बांधून टाकलं. दुसरी, भाडेकरू नियमाने भाडं भरत असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय मालकाला त्याला काढता येईना. गिरणी कामगाराला पहिल्यांदा ठाम आधार मिळाला. आपल्या आजोबांची खोली पन्नास वर्षं टिकली ती या कायद्यामुळे.

पण कायद्याने एक दार बंद केलं की माणसं दुसरं शोधतात. भाडं वाढवता येत नाही म्हटल्यावर खोली देताना मालक एकदम मोठी रक्कम मागू लागले. जुना भाडेकरू खोली सोडताना नव्याकडून पैसे घेऊ लागला आणि त्यातला वाटा मालकाला मिळू लागला. हीच पगडी. १९४७ च्या कायद्याने ती गुन्हा ठरवली होती, पण ती सर्रास चालायची आणि तिची पावती मिळत नसे. ज्याच्याकडे पगडीचे पैसे नाहीत त्याला खोली नाही. म्हणजे ज्यांना आत जागा मिळाली ते सुरक्षित झाले, आणि जे नंतर आले ते झोपडपट्टीत गेले.

दुसरं असं झालं की भाडं पंधरा-वीस रुपयांवर अडकलं आणि मालकांनी दुरुस्ती सोडली. पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या, माणसं मेली. म्हणून १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती करायची असं ठरलं. अशा इमारती तेव्हा एकोणीस हजारांहून जास्त भरल्या.

आणि तिसरी वाट होती लिव्ह अँड लायसन्सची. मालक म्हणू लागले, हा भाडेकरू नाही, याला मी फक्त काही महिने राहायची परवानगी दिली आहे. भाडेकरू नाही म्हटलं की कायद्याचं संरक्षण लागू नाही. १९७३ मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे परवानगीवर राहत होते त्यांना भाडेकरू ठरवलं. त्या लोकांचं भलं झालं. पण घरमालकांनी धडा घेतला की परवानगीवर दिलेली खोलीसुद्धा हातची जाऊ शकते. पुष्कळांनी खोल्यांना कुलूप लावून ठेवणं पसंत केलं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. एकेक गिरणी बंद पडत गेली. हजारो कुटुंबं गावाला परतली, आणि आपल्या गावांतल्या बायांनी ती सावरली. जी मुंबईत राहिली ती कशावर राहिली? बाईच्या धुण्याभांड्यांच्या कामावर, पापड-मसाल्यांवर, डब्यांवर, आणि त्या पंधरा-वीस रुपये भाड्याच्या खोलीवर. भाडं बाजारभावाने असतं तर संपाच्या पहिल्या वर्षातच ती सगळी रस्त्यावर आली असती.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की १९४० च्या भाड्यावर कायमचं अडकवून ठेवणं आता न्यायाला धरून नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ झाला. ३१ मार्च २००० पासून तो लागू आहे. त्याने जुन्या भाडेकरूंचं संरक्षण ठेवलं, भाडं वर्षाला थोडं वाढवायला परवानगी दिली, पगडीला कायद्यात जागा दिली, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या बाबतीत घरमालकाला खात्री दिली. करार संपल्यावर माणूस बाहेर पडला नाही तर त्याला दुप्पट भाडं भरावं लागतं आणि त्याला काढण्याची जलद सोय आहे. म्हणून आज आपल्या लेकीला घर मिळतं ते परवानगीवर. आणि अकरा महिनेच का? देशाच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून वर्षाच्या आतली मुदत घालायची सवय पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याने ती पळवाट बंद केली आहे. इथे मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ती जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि लेखी करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात.

आता त्या नावाच्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या खोलीचा भाडेकरू वारला तर खोली कुणाकडे जाते? कायदा आधी बघतो की मरतेवेळी त्याच्यासोबत त्याच्या कुटुंबातलं कोण राहत होतं. तसं कुणी नसेल तरच बाकीच्या वारसांचा विचार होतो. घरात एकमत नसेल तर न्यायालय ठरवतं. आता आपल्या घरांत हा नियम लावून बघा. नवरा चाळीस वर्षं मुंबईत, सोबत कुटुंबातलाच एखादा माणूस. बायको चाळीस वर्षं गावात. शेत तिने सांभाळलं, सासू-सासऱ्यांचं तिने केलं, मुलं तिने वाढवली. नवरा गेला की त्या खोलीवर पहिला हक्क सोबत राहणारा सांगतो, आणि गावात राहिलेली बायको मागे पडू शकते. ती गावात राहिली म्हणूनच तो मुंबईत राहू शकला, याला त्या नियमात जागा नाही.

पूर्वी लोक म्हणायचे, वीस रुपये भाड्याची पडकी खोली, तिच्यासाठी कशाला भांडायचं? आज तसं म्हणता येत नाही. जुन्या उपकराच्या इमारतींचा पुनर्विकास झाला की जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत मालकीचं घर मिळतं. बीडीडी चाळीतल्या १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० फुटांचं घर मिळतंय. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. नोंदीवर जे नाव असतं, हक्क त्याच्यापासून सुरू होतो. ज्या कागदाला कुणी विचारत नव्हतं त्या कागदावर आता मुंबईतलं घर उभं आहे.

नाव नसलं तरी बाईला काहीच आधार नाही असंही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सांगितलं की ज्या घरात बाई नांदते, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. घर मालकीचं असो की भाड्याचं, कागद तिच्या नावाचा असो की नसो, कायद्याचा मार्ग सोडून तिला बाहेर काढता येत नाही. पण हा राहण्याचा हक्क आहे. भाडेकरू म्हणून हक्क हवा असेल तर कागदाकडेच जावं लागतं.

म्हणून मैत्रिणींनो, या इतिहासातून आपल्या गटात करण्यासारखी दोन-तीन कामं निघतात. ज्यांच्या घरची मुंबईत जुनी खोली आहे त्यांनी भाडेपावती कुणाच्या नावाची आहे ते आजच विचारावं. आजोबांच्याच नावाने पावती फाटत असेल तर माणसं हयात आहेत, एकमेकांशी बोलताहेत, तोवरच घरच्यांनी बसून ठरवावं आणि नाव लावून घ्यावं. पुनर्विकासाची नोटीस आल्यावर भावाभावांत बोलणं होत नाही, वकिलांत होतं. जुन्या पावत्या, विजेची बिलं, रेशनकार्ड जपून ठेवावं. भाडं घेऊन पावती न देणं हा घरमालकाचा कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा पावती मागायला संकोच नको.

ज्यांची लेक किंवा सून आता वन बीएचके घेते आहे त्यांनी करार नोंदवला का ते विचारावं आणि त्याची प्रत गावाकडेही ठेवावी. डिपॉझिट बँकेतून द्यावं आणि रक्कम करारात लिहून घ्यावी. दोन मैत्रिणी मिळून राहत असतील तर दोघींची नावं घालावीत. नवरा-बायको राहत असतील तर तिथेही दोघांची घालावीत. घरभाडं तिच्या पगारातून जातं, डिपॉझिट तिच्या आईच्या गटातून येतं, मग करारावर तिची सही का नको? नाव घालायला जास्तीचा पैसा लागत नाही. फक्त करार होण्याआधी कुणीतरी तसं म्हणावं लागतं.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांनी त्या खोल्यांत हजारो कामगार जेवू घातले. गावातल्या बायांनी तांदूळ पाठवून त्या खोल्या चालवल्या. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की एकमेकींना एवढंच विचारा, आपल्या घरची शहरात कुठे खोली आहे का, आणि तिच्या कागदावर कुणाचं नाव आहे. काय उत्तरं येतात ती आम्हाला जरूर कळवा.